पितापुत्रांचा तंटा आणि मराठी रंगभूमी

गेल्या फाल्गुनात होळीच्या निमित्ताने आमचे मोलगीस जाणे झाले. अक्कलकुव्याहून सातपुड्याचा घाट चढून वर आले म्हणजे हे बाजाराचे गाव लागते. भगर, आमचूर, मोहाची फुले ह्यांचा व्यवहार येथे चालतो, आणि काठीची प्रसिद्ध रजवाडी होळी येथून जवळच पेटते. अंगावर पांढरे ठिपके काढलेले, कमरेस भोपळे व घुंगरू बांधलेले, डोक्यावर मोरपिसांचे उंच टोप घातलेले बाप आणि मुलगे एकाच फेरात रात्रभर नाचताना आम्ही पाहिले. नाचणारा कोण आणि पाहणारा कोण, हा भेद तेथे उरत नाही. नाटकगृह ह्या डोंगरात नाही. आणि त्या रात्री त्याची उणीव कोणास भासली असेल असेही आम्हास वाटत नाही.

परंतु ह्या लेखाचे निमित्त होळी नव्हे. आमचे एक स्नेही तेथे शिक्षक आहेत. शाळेतील थोरल्या मुलांस रात्रीच्या जेवणानंतर काही ना काही वाचून दाखविण्याचा त्यांचा परिपाठ आहे. त्या आठवड्यात त्यांनी कै. वि. वा. शिरवाडकरांचे ‘नटसम्राट’ वाचावयास घेतले होते, आणि शेवटच्या रात्री आम्ही कोपऱ्यात बसून ऐकत होतो. मुले भिल्ल व पावरा समाजांतील. घरची बोली वेगळी, मराठी शाळेत शिकलेली. तरीही कावेरी मरते त्या ठिकाणी दोघा-तिघांनी डोळे पुसले. वाचन संपल्यावर मागे बसलेल्या एका मुलाने विचारले, “गुरुजी, म्हाताऱ्याने सगळे वाटून टाकले ते ठीक झाले. पण मग तो मुलाच्या घरात राहायला कशाला गेला? स्वतःचे वेगळे घर त्याने का घातले नाही?”

आमच्या स्नेह्यांस उत्तर सुचले नाही. आम्हासही सुचले नाही. ‘नटसम्राट’ आम्ही तीन वेळा पाहिले आहे, पुस्तक किती वेळा उघडले त्यास गणती नाही. पण हा प्रश्न एकदाही आमच्या मनात उभा राहिला नव्हता. तो का राहिला नसावा, ह्याचा विचार करीत आम्ही घाट उतरलो, आणि उतरता उतरता आमच्या रंगभूमीच्या गेल्या पावणेदोनशे वर्षांतील कितीतरी पितापुत्र एकामागून एक आठवू लागले.

मुलाचा प्रश्न त्याच्या घरच्या रीतीतून आला होता. त्या डोंगरात मुलाचे लग्न झाले की तो बहुधा वेगळी झोपडी घालतो; धाकटा असेल तो आईबापांपाशी राहतो. नवे घर उभारताना पाड्यावरची माणसे हात लावतात. जमीन वाटली जाते, कुरबुरीही होतात; परंतु वेगळे होणे हा तेथे अपराध नव्हे, वयात आल्याची ती खूण होय. आम्हा मैदानातल्या पांढरपेशांची गोष्ट निराळी. मिताक्षरेप्रमाणे वडिलार्जित मिळकतीत पुत्रास जन्मतःच हक्क प्राप्त होतो. बंगालात चालणाऱ्या दायभागात तो पित्याच्या मरणानंतरच मिळतो. म्हणजे आमच्याकडे मूल पाळण्यात पडले की बापाच्या शेजारी एक भागीदार जन्मास आला. बाप ‘कर्ता’ खरा, पण ज्याच्यावर त्याने हुकमत चालवावयाची तोच त्याच्या घराच्या भिंतींचा हिस्सेदार. प्रेम, धाक आणि मालकी ही तिन्ही एकाच छपराखाली कोंडलेली. अशा घरात ‘वेगळे होणे’ हा शब्द उच्चारताच स्वयंपाकघरातील भांडी थांबतात. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने पुष्कळ बदलले. मात्र त्याच कायद्याच्या आरंभीच्या कलमांत तो अनुसूचित जमातींना लागू नसल्याचे म्हटले आहे. मोलगीचा मुलगा आणि आम्ही, कायद्यानेदेखील दोन निराळ्या घरांत राहतो.

आमचे म्हणणे असे की, मराठी रंगभूमीवरील पितापुत्रांचा तंटा हा ह्या कोंडलेल्या घराचा तंटा आहे. तो मतांचा फार थोडा आहे, आणि घर कोणाचे, ह्याचा फार आहे. दुसरेही एक म्हणणे आहे, ते पुढे ओघाने येईल.

आरंभी तर तंटाच नव्हता. १८४३ साली सांगलीस विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले, तेव्हापासूनच्या पौराणिक आख्यानांत पुत्र म्हणजे पित्याची आज्ञा. राम वनात जातो, देवव्रत आजन्म ब्रह्मचर्य पत्करतो, पुरू आपले तारुण्य ययातीच्या ओंजळीत घालतो. ग्रीकांच्या ईडिपसने बापास न ओळखता मारिले. आमच्या पुरूने बापास ओळखून स्वतःस म्हातारे करून घेतले. ह्या एका फरकात दोन संस्कृतींचे सगळे सार आहे असे म्हणण्याचा मोह पुष्कळांस होतो. आम्हास तो होत नाही. पुरूच्या मनात त्या वेळी काय होते, हे पुराणकाराने विचारलेच नाही, एवढेच आम्ही म्हणू. आणि शुद्ध मराठी मातीतली कथा पाहावयाची तर पुंडलिकाची आहे: प्रथम आईबापांस छळणारा, मग पश्चात्तापाने पोळून त्यांच्या सेवेत इतका बुडालेला की दारी आलेल्या देवासही त्याने विटेवर तिष्ठत ठेविले. पुत्राचा अपराध, पुत्राचा पश्चात्ताप आणि पित्याचे पाय, ही वाट पुंडलिकाने घालून दिली. तीवरून आमचे नाटककार पुढे किती दूरवर चालत गेले ते आपण पाहूच.

अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’ने संगीत रंगभूमी सुरू झाली. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात जो प्रयोग झाला तो पहिल्या चार अंकांचाच होता. सिंहाच्या छाव्याशी झोंबणाऱ्या पोराजवळ दुष्यंत येतो आणि स्वतःच्या मुलास ओळखीत नाही, तो प्रसंग मागाहूनच्या अंकांत आला. बापाने मुलास नाकारले, नंतर ओळखले, आणि मुलाने एका शब्दाने जाब विचारिला नाही. तेथे तो विचारणार तरी कसा? वयाने लहान, आणि कवी कालिदास.

पहिला मोठा मुलगा आमच्या रंगभूमीवर परदेशातून आला. कै. गोपाळ गणेश आगरकरांनी १८८३ साली ‘हॅम्लेट’चे ‘विकारविलसित’ केले, आणि पुढे शाहूनगरवासी मंडळीच्या गणपतराव जोश्यांनी ती भूमिका अशी गाजविली की तिच्या आठवणी दोन पिढ्या सांगितल्या गेल्या. ह्या नाटकात पिता मेलेला आहे. तरीही सगळे नाटक तोच हलवितो. भूत येते, आज्ञा करते आणि जिवंत मुलाचे आयुष्य खाऊन टाकते. आमच्या प्रेक्षकांस हा मुलगा परका वाटला नाही, ह्याचे कारण आमच्या मते उघड आहे. मेलेल्या बापाची आज्ञा जिवंत मुलाच्या मानेवर असणे ह्याचा अनुभव ज्याने श्राद्धपक्ष केले आहेत त्यास निराळा सांगावा लागत नाही.

हॅम्लेटच्या छायेत लिहिलेले कै. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘सवाई माधवरावांचा मृत्यु’ (१८९३) आम्ही ह्या मालिकेतील पहिले अस्सल मराठी नाटक समजतो. नारायणराव पेशवे ३० ऑगस्ट १७७३ रोजी गारद्यांकडून मारले गेले. सवाई माधवराव जन्मले ते १७७४ च्या एप्रिलात, म्हणजे बापाचे तोंड त्यांनी पाहिलेच नाही. बापाच्या जागी नाना फडणवीस. सारे राज्य मुलाच्या नावाने चालते आणि मुलगा मात्र पहाऱ्यात. १७९५ च्या ऑक्टोबरात एकविसाव्या वर्षी शनिवारवाड्यात वरून खाली पडून त्यांचा अंत झाला. खाडिलकरांनी केशवशास्त्री नावाचा कारस्थानी मध्ये घालून नाटक रचिले. तरी खरे दुःख त्या कारस्थानात नाही. ज्याने तुला वाढविले, वाचविले, त्याच्याच प्रेमाने तुझा श्वास कोंडावा, हे ते दुःख होय. नाना दुष्ट नाहीत, मुलगा कृतघ्न नाही. आणि पडण्याची जागा पुनः वाडाच आहे, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

पुढील चाळीस वर्षे आम्ही भरभर ओलांडतो. त्या काळच्या नाटककारांस मुलापेक्षा मुलगी अधिक बोलकी वाटली. कै. देवलांच्या ‘शारदे’त (१८९९) कांचनभट पैशासाठी मुलगी विकावयास निघतो. हाच धागा पुढे कै. विजय तेंडुलकरांच्या ‘श्रीमंत’ (१९५५) आणि ‘कन्यादान’ (१९८३) ह्यांपर्यंत पोहोचतो. मुलीशी बाप बोलतो, भांडतो, ध्येयवाद सांगतो, चुकतो आणि रडतो. मुलापुढे तोच बाप मुका होतो. ह्याचे कारण आम्ही पुष्कळ दिवस शोधीत होतो. मुलगी परक्या घरी जाणार, तिच्याशी झालेला वाद हा वादच राहतो. मुलाशी झालेल्या प्रत्येक वादाच्या पोटी वाटणी असते. म्हणून बाप जपून बोलतो, किंवा बोलतच नाही.

कै. राम गणेश गडकऱ्यांनी ‘राजसंन्यास’ अपुरे ठेवून १९१९ च्या जानेवारीत देह ठेविला, आणि त्याच वर्षी ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आले. त्यातील दारुड्या सुधाकराच्या हातून त्याचे तान्हे मूल मरते. आमच्या रंगभूमीवर पित्याने पुत्रास मारिल्याचा हा ठळक प्रसंग; पण नाटककाराने तो दारूच्या नावावर लिहिला, पितृत्वाच्या नव्हे. अत्र्यांच्या ‘उद्याचा संसार’मध्ये (१९३६) बापाच्या वर्तनाने मोडलेले घर आहे, तेही पत्नीच्या डोळ्यांनी पाहिलेले.

मग १९६२ साल आले.

कै. वसंत कानेटकरांचे ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ त्या साली गोवा हिंदु असोसिएशनने रंगभूमीवर आणले. मास्टर दत्ताराम शिवाजीमहाराज झाले, डॉ. काशिनाथ घाणेकर संभाजीराजे. ज्या विषयास आजवर इतिहासकार भीत भीत हात लावीत, आणि नाटककार वा. सी. बेंद्र्यांच्या १९६० च्या चरित्रापूर्वी बहुधा दुर्व्यसनी युवराजाच्या पुतळ्यापुरताच वापरीत, तो विषय येथे एका घरातील बाप आणि मुलगा ह्यांचा झाला. घटना इतिहासाच्या आहेत. १६७८ च्या डिसेंबरात एकवीस वर्षांचे संभाजीराजे दिलेरखानास जाऊन मिळाले, वर्षभराने परतले, पन्हाळ्यावर बापलेकांची भेट झाली, आणि ३ एप्रिल १६८० रोजी महाराज रायगडावर वारले तेव्हा मुलगा पन्हाळ्यावरच होता. इतिहासाने ह्या चार वाक्यांत जे मिटविले ते कानेटकरांनी तीन अंकांत उघडले.

ह्या नाटकाविषयी आमचे मत पूर्वी फारसे अनुकूल नव्हते. भाषणे लांब, अलंकार पुष्कळ, छत्रपतींस मध्यमवर्गीय गृहस्थ केले, असे आम्हीही कोणे काळी म्हटले आहे. आज ते आम्ही मागे घेतो, निदान अर्धे तरी. कारण आमच्या रंगभूमीवर मुलास प्रथम तोंड दिले ते ह्या नाटकाने. प्रेक्षक महाराजांस वंदन करावयास जात आणि संभाजीराजांवर जीव टाकून परत येत. घाणेकरांच्या प्रवेशाला जी टाळी पडे ती केवळ नटाची नव्हती. घरोघरी ज्यांना बापापुढे बोलता आले नव्हते, त्यांच्या वतीने तेथे कोणी तरी बोलत होते. मात्र तो बोलणारा युवराज होता. भांडण कशाचे, तर गादी कोणाची आणि राज्य दोघा भावांत वाटावे काय ह्याचे. म्हणजे रायगड हादेखील एक वाडाच. आणि पुढची वाट पुंडलिकाची: चूक, परतणे, पश्चात्ताप. कानेटकरांनी पुढे १९६८ साली ‘इथे ओशाळला मृत्यू’ लिहून त्याच मुलाच्या मरणास मोठेपणा दिला. मुलगा मोठा ठरावा तर त्यास हौतात्म्य पत्करावे लागते, ही किंमत थोडी नव्हे.

ह्याच लेखकाचे ‘हिमालयाची सावली’ (१९७२) ह्या ओघात आठवते. त्यातील नानासाहेब भानूंच्या मागे महर्षी धोंडो केशव कर्वे उभे आहेत, हे सर्वश्रुत आहे. संस्थेसाठी सर्वस्व देणारा बाप आणि त्या सर्वस्वात आपलाही वाटा गेला म्हणून कढणारी मुले. महर्षींचे ज्येष्ठ पुत्र र. धों. कर्वे ह्यांनी १९२७ पासून १९५३ साली मरेतो ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालविले आणि त्यापायी खटले सोसले. त्यांच्या नावाने नाटक आले ते २०१७ साली, अजित दळवींचे. बापाच्या नाटकानंतर मुलाच्या नाटकास पंचेचाळीस वर्षे लागली.

आता १९७० चे वर्ष. ह्या एका वर्षात दोन नाटके आली आणि दोहोंशी एकाच नटाचे नाव निगडित आहे. डॉ. श्रीराम लागूंनी तेंडुलकरांचे ‘गिधाडे’ बसविले. आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात ते ‘नटसम्राट’चे गणपतराव बेलवलकर झाले. ‘गिधाडे’त रमाकांत आणि उमाकांत हे मुलगे बापास दारू पाजून, मारहाण करून, दडवलेल्या पैशाचा ठाव काढतात. प्रेक्षकांस ओकारी येईल असे नाटक, असा त्या वेळी बोभाटा झाला. परिनिरीक्षण मंडळाचीही नजर त्यावर वळली. आमचे त्याविषयीचे मत असे की, ह्यात मुलांची बाजू जितकी स्वच्छ मांडली आहे तितकी एरवी कोठेच नाही, आणि ती बाजू भयंकर आहे. पप्पा पितळ्यांनी स्वतःच्या भावास बुडवून धंदा लाटला. मुलांनी वारसा घेतला तो घराचा नव्हे, रीतीचा. तेंडुलकरांनी बापलेकांवरील सारी भाविकता खरडून काढली आणि खाली काय उरते ते दाखविले. उरतो तो हिस्सा.

‘नटसम्राट’ मात्र त्याच रोगावर चंदनाचा लेप लावून येते. शेक्सपिअरच्या लियर राजाचे बीज त्यात आहे, हे लेखकाने लपविले नाही. चाळीस वर्षे रंगभूमी गाजविलेला नट निवृत्त होतो, मिळवलेले सारे मुलास व मुलीस देऊन टाकतो, प्रथम मुलाच्या आणि मग मुलीच्या घरी राहतो, चोरीचा आळ घेऊन बाहेर पडतो. येथे आमच्या मोलगीच्या मुलाचा प्रश्न पुनः पुढे येतो. बेलवलकरांची मिळकत स्वकष्टाची होती, वडिलार्जित नव्हती. मुलाचा तीवर जन्मसिद्ध हक्क नव्हता. कायद्याने हा म्हातारा पूर्ण मोकळा होता. तरीही तो वागला कसा, तर वाड्यातल्या कर्त्यासारखा. दिले, आणि दिल्याबरोबर त्याच छपराखाली मानाचे पान आपले राहील असे गृहीत धरिले. त्यास मुलाचे घर आणि स्वतःचे घर ह्यांत भेदच दिसला नाही, आणि प्रेक्षकांसही तो दिसला नाही, म्हणून हे नाटक घडू शकले. शाळेतल्या त्या अंधाऱ्या वर्गात ज्या मुलास तो दिसला, त्याच्यापुरते ते नाटक पहिल्याच अंकात अडले.

आता आमचे दुसरे म्हणणे. बेलवलकरांचा मुलगा नंदा, हा आमच्या रंगभूमीवरील सर्वांत दुबळा मुलगा होय. तो वाईट नाही. बायको आणि बाप ह्यांच्या मध्ये चिरडलेला, दोहोंकडे मान हलविणारा गृहस्थ आहे. त्याच्या घरी त्याच्या मुलीस आजोबा काय शिकवितात, ह्यावरून जी धुसफूस होते तीत त्याच्या बाजूनेही बोलण्यासारखे पुष्कळ होते. ज्या बापाने उमेदीची वर्षे रंगभूमीस दिली, त्याच्या घरात ती वर्षे कशी गेली, ह्याचा जाब नंदाने विचारिला असता तर नाटक एका वेगळ्याच उंचीस गेले असते, आणि कदाचित इतके चालले नसते. शिरवाडकर कवी होते. त्यांनी आपले सगळे काव्य म्हाताऱ्याच्या झोळीत घातले आणि मुलाच्या हाती घरखर्चाची वही दिली. बाप स्वगते म्हणतो, मुलगा हिशेब सांगतो. अशा सामन्यात प्रेक्षकांचा कौल ठरलेलाच. रस्त्यावर बूटपॉलिश करणारा राजा म्हाताऱ्यास सावली देतो, तेव्हा तर नंदाचे पुत्रपदही गेले. पोटच्या मुलाकडून काढून घेतलेले नाते रस्त्यावरच्या पोरास दिले. आम्ही सारे रडलो, आणि त्या रडण्यात नंदाचे काय झाले हे विचारावयाचे राहून गेले. हे लिहिताना आम्हास संकोच वाटतो. नाटक थोरच आहे. पण थोर नाटकाने केलेला अन्यायही थोर असतो.

ह्यानंतरच्या दशकात मुलगा रंगमंचावरून निघूनच जातो. कै. जयवंत दळवींच्या ‘संध्याछाया’त नाना-नानी घरात आहेत आणि मुले नाहीत, एक अमेरिकेत, एक सैन्यात. पश्चिमेकडे ह्याच तंट्याने भलताच जोर केला होता. सिंगच्या नाटकात बापास मारून आलो असे सांगणाऱ्या पोरास सारे खेडे डोक्यावर घेते, म्हणून १९०७ साली डब्लिनात दंगल उसळली; जर्मन तरुण नाटककारांनी महायुद्धाच्या आगेमागे पितृहत्येची नाटकेच लिहिली; आर्थर मिलरचा विक्रेता आणि त्याचा मुलगा १९४९ साली एकमेकांच्या स्वप्नांवर आपटून फुटले. आमच्याकडील मुलाने शस्त्र उचलले नाही. त्याने तिकीट काढले. घर वाटता येत नाही आणि त्यात श्वासही घेता येत नाही, तेव्हा मुंबईची आगगाडी आणि पुढे विमान हीच त्याची वाटणी.

परंतु गेलेल्या मुलास परत बोलावण्याचा एक प्रसंग टळत नाही. तो म्हणजे बापाचे मरण. सतीश आळेकरांच्या ‘महानिर्वाण’त (१९७४) भाऊराव मरतात आणि मरूनही हट्ट सोडीत नाहीत: मला जुन्याच स्मशानात जाळा. स्मशान बंद होत आहे, चाळ कुजबुजते आहे, आणि मुलगा नाना धावतो आहे. प्रेत स्वतःच कीर्तन करते. आगरकरांच्या हॅम्लेटचे भूत नव्वद वर्षांनी पुण्याच्या चाळीत उतरले, असे आम्हास तो प्रयोग पाहताना वाटले. फरक इतकाच की ह्या भुतास सूड नको, फक्त आपली नेहमीची जागा हवी. आम्ही त्या प्रयोगास इतके हसलो की शेजारच्या गृहस्थांनी वळून पाहिले. घरी आल्यावर वडिलांच्या तसबिरीकडे पाहवेना.

महेश एलकुंचवारांच्या ‘वाडा चिरेबंदी’त (१९८५, दिग्दर्शन विजया मेहता) बाप पहिल्यापासूनच नाही. धरणगावच्या देशपांड्यांचे तात्याजी वारले आहेत. दिवसांसाठी सुधीर मुंबईहून येतो. थोरला भास्कर कर्ता झाला आहे. अंगणात ट्रॅक्टर गंजतो आहे. गावजेवणास पैसा नाही आणि ते टाळण्याचे धैर्यही नाही. ह्या नाटकात बाप एक शब्द बोलत नाही, तरी तेरा दिवस त्याचेच राज्य आहे. भावाभावांतील प्रत्येक बोलणे मेलेल्या बापाच्या अंगावरून जाते. आणि भास्कर, ज्यास बापाने मोकळा श्वास घेऊ दिला नाही, तो स्वतः परागचा बाप आहे; पराग हाताबाहेर चालला आहे; आणि भास्करास त्याच्याशी बोलण्याची भाषा ठाऊक नाही, कारण ती त्यास कोणी शिकविलीच नव्हती. एलकुंचवारांनी कोणासही वकिली भाषण दिलेले नाही. बापाची बाजू घ्यावी तर बाप नाही. मुलाची घ्यावी तर तो स्वतःच बाप झालेला. ह्या नाटकात प्रथमच तराजू सरळ उभा राहिला असे आम्ही मानतो. तसे होण्यासाठी आधी बापास मरावे लागले आणि वाड्याची भिंत खचू लागावी लागली, ही गोष्ट निराळी.

मोलगीच्या मुलाचा प्रश्न मनात घेऊन हे सारे आठवले तेव्हा प्रथम आम्हास त्याचा हेवा वाटला. ज्या समाजात मुलगा सहज वेगळा होतो तेथे हा तंटा नसेलच, असे आम्ही घाई करून मनाशी ठरविलेही. परंतु निघण्याच्या सकाळी जे पाहिले त्याने तो समज टिकला नाही.

त्या मुलाचा बाप त्यास घरी न्यावयास आला होता. होळीसाठी गुजरातेतून, ऊसतोडीवरून परतलेला मनुष्य. पायांत धूळ, डोक्यास रुमाल. रात्री काय वाचले असे त्याने विचारले असावे, कारण मुलगा त्यास आपल्या बोलीत नाटकाची गोष्ट सांगू लागला. आम्हास शब्द कळत नव्हते, ‘बेलवलकर’ तेवढे कळे. बाप ओट्यावर बसून लक्षपूर्वक ऐकत होता. एका ठिकाणी मोठ्याने हसला, एका ठिकाणी मान हलविली. गोष्ट संपली. मग बापाने काहीतरी विचारले. मुलाने मान खाली घातली आणि मराठीत, म्हणजे बापास नव्हे तर आमच्या स्नेह्यांस उद्देशून, म्हटले, “गुरुजी, मला नाशिकला पुढे शिकायला जायचे आहे हे तुम्ही सांगा. मला आमच्या भाषेत सांगता येत नाही.”

आमच्या स्नेह्यांनी सांगितले. बाप बराच वेळ काही बोलला नाही. नंतर त्याने मुलाची पेटी उचलून डोक्यावर घेतली आणि दोघे उतारावरून खाली निघाले. बाप पुढे, मुलगा दहा पावले मागे.